पासवर्ड काय आहे हो?

पूर्वी पाहुणा आला की हातपाय धुवायला पाणी, मग गूळ-पाणी, मग ‘गाडीला गर्दी होती का’ अशी पायरीपायरीने विचारपूस चाले. आता पाहुणा चपला काढता काढताच भिंतींवरून नजर फिरवतो. कोपऱ्यात कुठे हिरवे दिवे लुकलुकताना दिसले की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो विचारतो, ‘वहिनी, पासवर्ड काय आहे हो?’ वहिनींचे हात कणकेत असतात. त्या ओट्यापाशी उभ्या राहूनच खणखणीत आवाजात पासवर्ड सांगतात, कॅपिटल कुठलं आणि स्मॉल कुठलं यासकट. तो पाहुण्याला कळतो, जिन्यातून उतरणाऱ्या कुरिअरवाल्याला कळतो आणि वरच्या मजल्यावरच्या आजींनाही कळतो. त्यांना तो कशाला हवाय हे मात्र कुणाला कळत नाही.

आणि हे घर काही बेफिकीर माणसांचं नसतं. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर, आत लाकडी दार, त्याला नाइट लॅच, वर कडी, खाली कडी, मध्ये साखळी, शिवाय बाहेर कोण आहे ते बघायला भिंगाचा डोळा. गावाला जाताना कुलूप तीनदा ओढून बघतात आणि रिक्षात बसल्यावर एकाला पुन्हा वर पाठवतात. त्याच घराचं वायफाय भिंतीतून आरपार बाहेर पडून पार्किंगपर्यंत पसरलेलं असतं, आणि त्याचा पासवर्ड असतो एक ते आठ.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या वायफायचा खरा वैरी हॅकर नव्हे. हॅकरला फार शिकावं लागतं. खरा वैरी म्हणजे भीड. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्या वाडवडिलांनी राऊटर न बघताच सांगून ठेवलंय.

सुरुवात जोडणीपासूनच होते. केबलवाल्याच्या ऑफिसातून एक मुलगा येतो. पाठीला सॅक, हातात ड्रिल, खांद्यावर पिवळ्या वायरचं वेटोळं. तो विचारतो, ‘काका, कुठे बसवू?’ इतका साधा प्रश्न या घरात बऱ्याच वर्षांत कुणी विचारलेला नसतो, त्यामुळे सगळे एकदम उत्तर देतात. काकांना तो टीव्हीच्या मागे हवा असतो, कारण वायरी दिसायला नकोत. सुनेला मुलांच्या खोलीत हवा असतो. आजोबांना तो स्वतःच्या कॉटपासून लांब हवा असतो, कारण रेडिएशन. त्याच आजोबांचा मोबाइल रात्रभर उशीखाली असतो. आजी म्हणतात, देवघराच्या भिंतीला ड्रिल मारायचं नाही. मुलगा सगळ्यांचं ऐकून घेतो, ‘ठीकाय’ म्हणतो, आणि वायर जिथवर पुरते तिथे, म्हणजे मुख्य दाराच्या चौकटीवर, अगदी छताला टेकवून राऊटर ठोकून निघून जातो.

आता गंमत अशी की राऊटर आपल्या भोवती चहूकडे लहरी सोडतो. घराच्या एका टोकाला बसवला की त्याची निम्मी मेहनत जिन्याला आणि समोरच्या बिऱ्हाडाला जाते. समोरच्यांच्या हॉलमध्ये सगळ्या रेघा भरलेल्या, आपल्या मागच्या बेडरूममध्ये मात्र एक, तीही खिडकीत उभं राहिलं तर. घराच्या मध्यावर, जरा उंचावर आणि मोकळ्या जागी तो ठेवावा हा नियम इतका सरळ आहे की तो पाळलेलं एकही घर मी पाहिलेलं नाही. कारण घराच्या मध्यावर आपल्याकडे पॅसेज असतो, आणि पॅसेजमध्ये लोखंडी कपाट.

कपाट म्हणजे वायफायचं मरणच. धातूला लहर आपटली की मागे फिरते. आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो, त्यामुळे ड्रेसिंग टेबलही तेच करतं. पाणी लहर पिऊन टाकतं. माळ्यावर भरून ठेवलेलं पिंप असो की हॉलमधली माशांची टाकी, दोन्ही सारखीच तहानलेली. भिंती आरसीसीच्या, पोटात सळ्या. एवढ्यातून वाट काढत लहर पलंगापर्यंत पोचते आणि तिथे पडलेला मुलगा म्हणतो, ‘आई, नेट स्लो आहे.’

बरं, आजचे बहुतेक राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात. एक 2.4 गिगाहर्ट्झची, दुसरी 5 गिगाहर्ट्झची. पहिली लांब पोचते, भिंतींना फारशी जुमानत नाही, पण संथ. दुसरी चपळ, पण भिंत दिसली की हातपाय गाळणारी. 2.4 ची पट्टी भारतात 2005 साली विनापरवाना खुली झाली, आणि फुकट म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. ब्लूटूथ तिथेच, बिनतारी माऊस तिथेच, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सगळे राऊटर तिथेच, आणि मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण 2.45 वरच चालते. दार घट्ट लावलं तरी तिच्यातून थोडं झिरपतंच. त्यामुळे सासूबाईंनी पापड भाजायला ठेवला की सुनेच्या मीटिंगमधला साहेब तोंड उघडं ठेवून थिजतो. पापड निघतो, साहेब हलतो. त्या पट्टीत भारतात 13 चॅनेल आहेत खरे, पण एकमेकांच्या अंगावर न पडणारे तीनच धरायचे, 1, 6 आणि 11. डोंबिवलीच्या एका इमारतीत चाळीस बिऱ्हाडं आणि चॅनेल तीन, म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटचाच हिशेब.

भिंतींवर आपटून लहरीचे प्रतिध्वनी उठतात आणि एकच निरोप पुढेमागे चार वेळा पोचतो, ही अडचण सोडवली ती ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या माणसांनी. त्यांचा म्होरक्या जॉन ओ’सलिव्हन हा मुळात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या इवल्याशा कृष्णविवरांचे संकेत शोधण्याच्या खटपटीत त्याला जी गणिती हत्यारं हाताळावी लागली, तीच पुढे इथे कामाला आली, आणि 1996 साली त्यांना अमेरिकेतलं पेटंट मिळालं. कृष्णविवर काही सापडलं नाही. ते आमच्या इमारतीत प्रत्येकाच्या मागच्या बेडरूममध्ये आहे, पण त्यांना कुणी कळवलं नाही.

अँटेना हा पुन्हा वेगळा विषय. ज्या पिढीने गच्चीवर चढून दूरदर्शनचा अँटेना फिरवला आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ ऐकलं, ती पिढी राऊटरच्या काड्यांना हात लावल्यावाचून राहूच शकत नाही. काका स्टुलावर चढतात आणि एक काडी नेम धरल्यासारखी नातवाच्या खोलीकडे रोखतात. वास्तविक काडीच्या टोकातून लहर निघत नाही. ती काडीच्या अंगाने, चारी बाजूंना आडवी पसरते, आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जाते. म्हणजे काकांनी ज्या नातवाकडे नेम धरला, नेमका तोच उपाशी. पण हे काकांना सांगायचं कुणी? त्यांना विचारलं तर ते म्हणतात, ‘आता बघ, किती फरक पडला!’ आणि नातू अभ्यासाला बसलेला असल्यामुळे तोही म्हणतो, ‘हो आजोबा.’

काही घरांत राऊटरवर क्रोशाचा रुमाल असतो. धूळ बसते म्हणून. आत तो बिचारा चटके बसेपर्यंत तापतो. मी एका घरी राऊटरला हळदकुंकू लावलेलं पाहिलं आहे. दसऱ्याला सगळ्याच यंत्रांची पूजा होते, त्यात गैर काही नाही. फक्त झेंडूची माळ हवेच्या भोकांवरून घातली होती एवढंच.

जोडणी झाली की नाव. रात्री झोप येत नसली की फोनवर आसपासच्या नेटवर्कांची यादी उघडून वाचावी. सोसायटीच्या वार्षिक अहवालापेक्षा तीत जास्त माहिती असते. ‘सी302’ हे निवृत्त बँक अधिकाऱ्याचं, नावातच पत्ता आणि शिस्त. ‘अथर्व 5जी’ हे नवं बाळ झालेल्या घराचं. यातलं 5जी म्हणजे ती 5 गिगाहर्ट्झची पट्टी, मोबाइलचं 5जी नव्हे, पण अथर्वच्या आजोबांनी घरी 5जी आल्याचं अर्ध्या डोंबिवलीला सांगून झालेलं असतं. ‘स्वतःचं घ्या’ हे तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणाचं. ‘पोलीस व्हॅन 4’ हे त्याच्याच मित्राचं. आणि ‘डोन्ट डिस्टर्ब’ हे कुणाचं आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

मराठीत, देवनागरीत नाव का देत नाहीत म्हणून कुणी अभिमानाने पुढे सरसावेल, तर त्याने आधी मोजणी करावी. नेटवर्कच्या नावाला 32 बाइटची जागा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीला आणि हलन्तालासुद्धा तीन तीन. म्हणजे ‘गणपती बाप्पा मोरया’ला 50 लागतात. मोरया सोडून नुसतं ‘गणपती बाप्पा’ करावं तर 34 होतात, म्हणजे दोन बाइटसाठी बाप्पा दाराबाहेर. ‘मोरया’ एकटा बसतो, 15 मध्ये. भक्ताने काय करायचं ते त्याने ठरवावं.

आता पासवर्ड. तो बसवणारा मुलगाच ठरवतो, कारण त्याला पुढच्या घरी जायचं असतं. ‘काका, मोबाइल नंबरच टाकतो, लक्षात राहील.’ काका खूश. सोय अशी की तो नंबर काकांच्याच लक्षात राहतो असं नाही. तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे, वाण्याच्या वहीत आहे, इस्त्रीवाल्याच्या फोनमध्ये आहे आणि गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावर खजिनदार म्हणून छापलेलासुद्धा आहे. ज्याच्याकडे नंबर नाही त्यालाही फार कष्ट नाहीत. इमारतीखाली स्कूटरवर बसून, कुणाचा तरी फोन वायफायला जोडला जात असताना त्या दोघांतली देवाणघेवाण टिपून घ्यायची आणि घरी जाऊन एकेक पासवर्ड लावून बघायचा. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात 6, 7, 8 किंवा 9 ने, म्हणजे सगळे मिळून 4 अब्ज. माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटेल. चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला मात्र दुपारच्या वामकुक्षीएवढा वेळ पुरतो.

पासवर्ड निदान आठ अक्षरांचा हवा आणि 63 पर्यंत चालतो. आपले लोक आठावर थांबतात. लांबीला पैसे पडत नाहीत, पण पडतात असं समजून वागायची सवय आहे. खरं तर चार असंबद्ध शब्द एकापुढे एक लावावेत, ढेकूण, पंचांग, रिक्षा, मुरांबा, की झालं. अंदाज बांधणाऱ्याच्या सात पिढ्या जातील. मी हा सल्ला एका स्नेह्यांना दिला आणि त्यांनी तो मनापासून पाळला. आता त्यांच्या घरात रोज भांडण असतं. मुरांब्यात ‘ए’ एक की दोन, ढेकणाला ‘डीएच’ पुढे ‘ई’ आणि मग ‘के’नंतर ‘यू’ की डबल ‘ओ’. सुनेचं माहेर नागपूरचं, तिचा मुरांबा वेगळाच लिहिला जातो. सुरक्षा इतकी कडेकोट झाली आहे की घरातल्यांनाही आत जाता येत नाही.

पासवर्ड लिहून कुठे ठेवायचा याचं उत्तर मात्र महाराष्ट्रात एकमुखी आहे. कालनिर्णयच्या मागच्या पानावर, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखेच्या खाली. 31 डिसेंबरला कॅलेंडर रद्दीत जातं आणि 1 जानेवारीला सगळं घर एकमेकांकडे बघतं.

हे झालं बाहेरचं कुलूप. आत आणखी एक असतं, राऊटरचं स्वतःचं, आणि त्याची आठवण कुणालाच नसते. ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असं काही टाकलं की राऊटरचं पान उघडतं आणि नाव-पासवर्ड विचारतं. नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. अशी जोडी घेऊन कितीतरी यंत्रं कारखान्यातून बाहेर पडली आणि तशीच भिंतीवर चढली. 2016 साली ‘मिराय’ नावाचा एक उपद्रव निघाला. त्याच्याजवळ अशा साठेक तयार नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, याहून जास्त अक्कल नव्हती. तेवढ्यावर त्याने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राऊटर वश केले. त्या ऑक्टोबरात अशाच फौजेने संकेतस्थळांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि तासन्‌तास ट्विटर, नेटफ्लिक्स अशी बडी नावं अर्ध्या अमेरिकेला दिसेनाशी झाली. मिराय बनवणारी पोरं विशी-बाविशीतली आणि मुळातली चढाओढ माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवरून. आपल्याकडे पोरं खेळाच्या नादी लागली की फार तर बारावीचे टक्के पडतात.

राऊटरच्या पाठीवर डब्ल्यूपीएस नावाचं एक बटण असतं. पासवर्ड टाइप करायचा कंटाळा असलेल्यांसाठी ही सोय, बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असं वाटतं. पण 2011 साली श्टेफान फीबॉक या अभ्यासकाने दाखवून दिलं की राऊटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार बरोबर आहेत का ते आधीच सांगून टाकतो, आणि शेवटचा आकडा नुसत्या पडताळणीचा. म्हणजे फार तर 11,000 प्रयत्न. परीक्षकाने पेपर चालू असतानाच ‘पहिला प्रश्न बरोबर आलाय हं, पुढचा बघ’ म्हणावं, तसा प्रकार. ती सोय बंद ठेवावी. वायफायच्या कुलपांचा एकूण इतिहासच असा आहे. 1997 चं पहिलं डब्ल्यूईपी 2001 मध्ये फुटलं, मग 2003 ला डब्ल्यूपीए, 2004 ला डब्ल्यूपीए-टू, 2018 ला डब्ल्यूपीए-थ्री. राऊटरच्या यादीत अजूनही जुनी नावं दिसतात. शेवटची दोन सोडून बाकीच्यांकडे बघूही नये.

हे सगळं हसण्यावारी नेता येईल, पण एक गोष्ट नेता येत नाही. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना जबाबदारी घेणारी ईमेल आली होती. पोलिसांनी माग काढला तो थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहत होता एक अमेरिकन गृहस्थ. ईमेल त्याने पाठवलेली नव्हती. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईतल्या आणखी काही जागांची वायफाय अशीच वापरली गेली. जानेवारी 2009 मध्ये मुंबईचे पोलीस लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी नेटवर्कं शोधत फिरले. दार उघडं टाकलं तर चोर आपलं नेतो. वायफाय उघडं टाकलं तर तो आपलं काहीच नेत नाही, फक्त आपलं नाव ठेवून जातो. आणि मग दारावर जे येतात त्यांना ‘पासवर्ड काय आहे हो’ विचारायचं नसतं.

हे समजल्यावर शहाणा माणूस पासवर्ड बदलायला बसतो, आणि तिथेच त्याला भीड गाठते. शेजारच्या वहिनींनी एकदा मागितला होता, ‘आमचं आज बंद आहे, मुलाचा प्रोजेक्ट अपलोड करायचाय.’ तो मुलगा आता नोकरीला लागला. त्यांनी स्वतःचं नेट कधी काढून टाकलं ते आपल्याला कळलंही नाही. आता पासवर्ड बदलायचा तर सांगायचं काय? त्यांनी गेल्या दिवाळीला चकल्या दिल्यात. साखर, विरजण, इनो हे परत मागायचे शब्द आपल्या भाषेत नाहीत, तसे वायफाय परत मागायचेही नाहीत. या पेचावर मराठी माणसाने एक सार्वत्रिक उत्तर शोधलं आहे. ‘अहो, कंपनीवाल्यांनीच बदलला वाटतं! आमचंही चालत नाहीये.’ कंपनीला एवढ्या शिव्या खायची सवय असते की ही एक तिच्या लक्षातही येत नाही. मग दोन्ही बिऱ्हाडं मिळून कंपनीला नावं ठेवतात आणि शेजारधर्म टिकतो. अडचण एवढीच की नंतर त्यांच्या मुलाने घरी आल्यावर आपल्या मुलाला विचारलं की तो निष्पापपणे फोनवर चौकोनी ठिपक्यांचा कोड उघडून दाखवतो. एका सेकंदात पुन्हा सगळं पूर्ववत.

शिवाय बदलायचं म्हणजे नुसता फोन नव्हे. टीव्हीला सांगायचं, प्रिंटरला सांगायचं, वॉशिंग मशीनला, दारावरच्या कॅमेऱ्याला, आणि त्या एका स्मार्ट बल्बला, जो फक्त 2.4 वरच ऐकतो आणि नवा पासवर्ड शिकवायचा तर पाच वेळा चालू-बंद करून त्याची समजूत काढावी लागते. एका बल्बसाठी घरातला कर्ता पुरुष स्विचपाशी उभा राहून मोठ्याने मोजतो आहे, हे दृश्य आमच्या गॅलरीतून अनेकदा दिसतं.

यावर राऊटर बनवणाऱ्यांनी एक सोय करून ठेवली आहे, ती फारसं कुणी वापरत नाही. गेस्ट नेटवर्क. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, त्यावरून इंटरनेट मिळतं पण घरातला संगणक, कॅमेरा, प्रिंटर दिसत नाहीत. जुन्या वाड्यात ओसरी आणि माजघर असायचं ना, तेच. पाहुणा ओसरीवर बसतो, चहा पितो, पेपर वाचतो; माजघरात डोकावत नाही आणि त्याला त्यात अपमानही वाटत नाही. स्मार्ट बल्बालाही ओसरीवरच बसवावं, तो कुठल्या घराण्यातला आहे आपल्याला ठाऊक नसतं. पण आपल्याकडे गेस्ट नेटवर्क दिलं की भाऊजी यादीत दुसरं नाव बघतात आणि म्हणतात, ‘अच्छा, म्हणजे आम्ही गेस्ट का!’ सांगा आता.

दुसऱ्या टोकाची माणसंही आहेत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी सुरक्षेचा ध्यास घेतला. त्यांनी आधी नेटवर्कचं नाव लपवलं. यादीत दिसत नाही म्हणून ते निर्धास्त झाले; पण नाव लपवलं की फोनलाच ते हाका मारत शोधावं लागतं, त्यामुळे काकांचा फोन भाजी मंडईत, बँकेत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, जाईल तिथे काकांच्या गुप्त नेटवर्कचं नाव पुकारत फिरू लागला. मग त्यांनी एक फुलस्केप वही घातली. घरातल्या प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये शिरून त्याचा बारा अक्षरी मॅक पत्ता, म्हणजे यंत्राची ओळखखूण, उतरवून घेतला, समोर मालकाचं नाव, खरेदीची तारीख. रोज संध्याकाळी चष्मा लावून राऊटरच्या पानावरच्या यादीशी वही ताडून बघायची. आणि एके दिवशी ‘अननोन डिव्हाइस’ सापडलं. पत्ता वहीत नव्हता! काकांनी तात्काळ त्याला बंदी घातली आणि विजयाने मान वर केली, तर आतून काकू बाहेर आल्या. ‘अहो, माझं कीर्तन थांबलं.’

झालं असं होतं की अँड्रॉइडने 2019 पासून आणि आयफोनने 2020 पासून, माणसाचा माग लागू नये म्हणून, प्रत्येक नेटवर्कला खरा पत्ता न दाखवता वेगळाच बनावट पत्ता दाखवायची रीत पाडली आहे. काकांनी खरे पत्ते लिहिले होते. त्यामुळे घरातली सगळीच माणसं वहीप्रमाणे अनोळखी. काकूंना हे नवीन नव्हतं, त्या म्हणाल्या, लग्नापासून असंच आहे.

मग कधीतरी राऊटरवर एलओएसचा लाल दिवा लागतो. बाहेरून केसाएवढ्या काचेच्या तारेतून जो प्रकाश यायचा तो येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्ता खोदला असेल, फांदी पडली असेल, उंदराला आवड निर्माण झाली असेल. यावर घरातून करण्यासारखं काही नसतं, पण मराठी माणूस हातावर हात धरून बसत नाही. तो राऊटर बंद करतो, दहापर्यंत मोजतो, पुन्हा चालू करतो. हेटाळणी करू नका. मे 2018 मध्ये चोपन्न देशांतल्या पाचेक लाख राऊटरांत व्हीपीएनफिल्टर नावाचा घुसखोर शिरला, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने जनतेला जाहीर सल्ला दिला तो हाच होता, राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. कस्टमर केअरची मुलगी हेच सांगते तेव्हा आपण तिच्यावर खेकसतो.

पण या बाबतीत इमारतीतली सगळ्यात पक्की व्यवस्था आहे ती पहिल्या मजल्यावरच्या आजींची. त्यांना डब्ल्यूपीए-थ्री माहीत नाही, गेस्ट नेटवर्क माहीत नाही. रात्री दहाच्या ठोक्याला त्या घरभर एक फेरी मारतात. गॅसचा रेग्युलेटर बंद, गीझर बंद, दाराला खालची कडी, वरची कडी, साखळी, आणि शेवटी काठीच्या टोकाने राऊटरचा स्विच खाली. बंद राऊटर कुठल्याही हॅकरला फोडता आलेला नाही. त्यांचा नातू घरून काम करतो, त्याची साहेब मंडळी न्यू जर्सीत, आणि तिथे तेव्हा कुठे दुपार होत असते. परवा ऐन प्रेझेंटेशनमध्ये पडदा काळा झाला तसा तो हेडफोन गळ्यात घेऊन धावत बाहेर आला, ‘आजी! सगळे लोक लाइनवर आहेत!’

आजींनी काठी भिंतीला टेकवली. ‘मग सांग त्यांना, आमच्याकडे निजानीज झाली.’